रोमचे दत्तक वारस आणि वंशावळीबाहेरच्या लेकी

बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला 'दत्तकविधान' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. ग्वाल्हेरला १८२७ साली बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतले. १८४३ मध्ये ताराबाईंनी जयाजीरावांना घेतले. इंदूरचे दुसरे तुकोजीराव १८४४ साली दत्तक होऊनच गादीवर आले. आपल्या बडोद्यात २७ मे १८७५ रोजी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले. साताऱ्याचे आणि झाशीचे दत्तक मात्र कंपनी सरकारने मानले नाहीत, आणि त्या राज्यांचे काय झाले ते आपण जाणतोच.

त्यामुळे प्राचीन रोमचा इतिहास वाचू लागलो की युद्धे आणि सम्राट यांच्याआधी एक गोष्ट ओळखीची वाटू लागते. तिथेही मोठी घराणी दत्तकावर चालत होती. पण थोडे खोलात गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. रोमच्या राजघराण्यांत नाव पुरुषांचे चालले, पण एका नावाला दुसऱ्या नावाशी जोडणारा धागा बहुतेक वेळा एखादी लेक, बहीण किंवा भाची होती. वंशावळीत तिला जागा नव्हती आणि किंमत मात्र तिनेच मोजली. या लेखात हीच गोष्ट काही प्रत्यक्ष घराण्यांच्या आधारे मांडायची आहे.

घर, नाव आणि मेणाचे मुखवटे

रोमन उमरावाचे नाव साधारणपणे तीन भागांचे असे: स्वतःचे नाव, कुळाचे नाव आणि कुळातल्या शाखेचे नाव. गायस ज्युलियस सीझर म्हणजे ज्युलियस कुळाच्या सीझर शाखेतला गायस. मुलींना मात्र स्वतःचे वेगळे नाव सहसा नसेच. ज्युलियस कुळातली प्रत्येक मुलगी ज्युलिया आणि कॉर्नेलियस कुळातली प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी, आणखी एक झाली तर 'तिसरी'.

घरातल्या सगळ्या माणसांवर कुटुंबप्रमुख पित्याची कायदेशीर सत्ता चाले, आणि ती त्याच्या मरणापर्यंत संपत नसे. मुलगा चाळिशीचा होऊन सेनापती झाला तरी बाप जिवंत असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने त्याच्या मालकीचे काही नसे. घराचे देव आणि पूर्वजांचे विधी याच पुरुषांच्या ओळीने पुढे जात. ओळ तुटली की विधीही बंद पडत. ही भीती आपल्याला परकी नाही.

मोठ्या घरांच्या दर्शनी चौकात कपाटांमध्ये मेणाचे मुखवटे ठेवलेले असत. ज्यांनी राज्यातली मोठी पदे भूषवली त्या पूर्वजांचे ते चेहरे. घरात कोणी थोर माणूस वारला की त्याच्यासारख्याच अंगकाठीची माणसे हे मुखवटे लावून, त्या त्या पूर्वजाच्या पदाचा पोशाख घालून रथातून निघत. म्हणजे अंत्ययात्रेत सगळे वाडवडीलच पुढे चालत. स्त्रियांना राज्याची पदे नव्हती, म्हणून मुखवटेही नव्हते.

या वंशाभिमानात बढाईही पुष्कळ असे. इ.स.पू. ६९ मध्ये सीझरने आपल्या ज्युलिया आत्याच्या अंत्यविधीत भाषण केले. तिचे आईकडचे मूळ रोमच्या प्राचीन राजांपर्यंत आणि वडिलांकडचे थेट व्हीनस देवीपर्यंत जाते, असे त्याने लोकांना ऐकवले. आत्याचा गौरव करता करता त्याने स्वतःचीच वंशावळ सांगून घेतली. अशा भाषणांमधून न मिळवलेले विजय आणि खोटी नाती इतिहासात घुसली, अशी तक्रार सिसेरोने त्याच काळात करून ठेवली आहे.

दत्तकाची रीत

आपल्याकडे दत्तक म्हटले की लहान मूल डोळ्यांपुढे येते. रोममध्ये दत्तक जाणारा बहुधा वाढलेला, कधी लग्न होऊन मुलेबाळे झालेला पुरुष असे. हेतू मूल वाढवण्याचा नसून घर पुढे चालवण्याचा होता. वयात आलेला माणूस घेतला म्हणजे तो बालपणीच दगावण्याचा धोका टळे, आणि त्याचा वकूबही दिसलेला असे.

दत्तकाच्या दोन रीती होत्या. ज्याचा बाप जिवंत आहे त्याला घ्यायचे तर साक्षीदारांसमोर तराजू आणि तांब्याचा तुकडा ठेवून बापाने मुलगा तीनदा 'विकायचा'. तीन वेळा विकला की बापाची सत्ता संपते, असा रोमचा जुना कायदा होता. आपल्याकडे दत्तहोमात दान देतात, तिथे विक्रीचे सोंग करीत. ज्याचा बाप हयात नाही, जो स्वतःच घराचा प्रमुख आहे, त्याला घेणे अवघड होते, कारण त्याच्याबरोबर त्याचे आख्खे घर विलीन होई. म्हणून त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची चौकशी आणि लोकसभेची मंजुरी लागे.

पण नियम असला की पळवाटही असते. क्लोडियस नावाच्या उमरावाला सामान्य प्रजेच्या वतीने निवडला जाणारा अधिकारी व्हायचे होते, आणि उमरावांना ते पद बंद होते. इ.स.पू. ५९ मध्ये तो सामान्य घरात दत्तक गेला. त्याला दत्तक घेणारा बाप वयाने त्याच्यापेक्षा लहान होता! सीझर तेव्हा मुख्य धर्माधिकारी होता आणि त्यानेच हे घडवून आणले. पुढच्याच वर्षी क्लोडियसने त्या पदाचा वापर करून सिसेरोला देशोधडीला लावले.

रोमच्या कायद्यात स्त्रीला दत्तक घेता येत नसे, कारण जिच्या हातात कुटुंबप्रमुखाची सत्ताच नाही ती दुसऱ्याला त्या सत्तेखाली घेणार कशी? या एका बाबतीत महाराष्ट्राची परंपरा वेगळी होती. विधवेने नवऱ्याच्या नावाने दत्तक घेणे आपल्याकडे मान्य होते. बायजाबाई आणि जमनाबाई यांना जे करता आले ते रोमच्या कोणत्याही राणीला करता आले नसते.

दिलेले मुलगे आणि राहिलेले घर

एमिलियस पॉलस हा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मोठा सेनापती. पापिरिया या पहिल्या पत्नीपासून त्याला दोन मुलगे झाले. पुढे तिला सोडून त्याने दुसरे लग्न केले आणि त्या पत्नीपासूनही दोन मुलगे झाले. पहिले दोघे त्याने दत्तक दिले. एक फेबियस घराण्यात गेला. दुसऱ्याला हॅनिबलला हरवणाऱ्या थोर सिपिओच्या मुलाने घेतले. हा दत्तक पिता म्हणजे मुलाचा सख्खा आतेभाऊ. त्यामुळे आतेभाऊ होता तो बाप झाला आणि आत्या होती ती आजी झाली. मुलाचे नाव पडले सिपिओ एमिलियानस. शेवटचा 'एमिलियानस' हा शब्द जन्मघराची खूण. जनक घराणे नावात राखण्याची ही रोमन पद्धत होती.

इ.स.पू. १६८ मध्ये पॉलसने मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाचा पराभव केला. पुढच्या वर्षी रोममध्ये त्याची विजययात्रा निघाली. यात्रेच्या पाच दिवस आधी घरी ठेवलेल्या दोन मुलांपैकी चौदा वर्षांचा गेला, आणि यात्रेनंतर तीन दिवसांनी बारा वर्षांचाही गेला. पॉलसने लोकांसमोर येऊन सांगितले की, रोमवर संकट यायचेच असेल तर ते माझ्या घरावर येवो अशी मी देवांना विनवणी केली होती. चार मुलांच्या बापाच्या घरी आता त्याचे नाव लावणारे कोणी उरले नव्हते. दोन मुलगे जिवंत होते, पण ते कायद्याने दुसऱ्यांचे होते.

रक्ताचे नाते मात्र विधीने तुटले नाही. इ.स.पू. १६० मध्ये पॉलस वारला तेव्हा त्याने मिळकत याच दोन मुलांच्या नावे ठेवली होती. सिपिओने आपला वाटा भावाला देऊन टाकला, कारण भावाची स्थिती त्याच्याइतकी चांगली नव्हती. त्याआधी ती आत्या, म्हणजे दत्तक आजी, वारली होती. तिचा सगळा थाट सिपिओकडे आला: दागिने, गाडी, चांदीसोन्याची भांडी, दासदासी. त्याने तो पापिरियाला दिला. नवऱ्याने सोडल्यापासून ती बेताच्या परिस्थितीत राहत होती आणि समारंभांना जाणेही तिने बंद केले होते. ती आत्याच्या गाडीतून बाहेर पडली तेव्हा रोमच्या बायकांनी हात वर करून तिच्या मुलाचे कल्याण चिंतले, असे पॉलिबियसने लिहिले आहे. पुढे कार्थेज जिंकणारा तो हाच सिपिओ. मला त्याची ही गोष्ट कार्थेजच्या विजयापेक्षा मोठी वाटते.

ऑगस्टसची एकुलती एक लेक

सीझरला औरस मुलगी एकच, ज्युलिया. इ.स.पू. ५९ मध्ये ती पॉम्पीला दिली होती. इ.स.पू. ५४ मध्ये ती बाळंतपणात गेली आणि दोन पुढाऱ्यांमधला दुवा संपला. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाल्यावर मृत्युपत्र उघडले, तेव्हा त्यात बहिणीच्या मुलीचा मुलगा ऑक्टेव्हियन याला दत्तक घेतल्याचे निघाले. तो अठरा वर्षांचा होता. हे नाव स्वीकारू नकोस, असे त्याच्या आईने आणि सावत्र वडिलांनी परोपरीने सांगितले. त्याने ते स्वीकारले आणि त्या नावाच्या बळावर साम्राज्य मिळवले. हाच पुढे सम्राट ऑगस्टस.

ऑगस्टसलाही मूल एकच, तीही ज्युलिया. इ.स.पू. ३९ मध्ये ती जन्मली त्याच दिवशी त्याने तिच्या आईला, स्क्रिबोनियाला, सोडले. लगेच त्याने लिव्हियाशी लग्न केले. लिव्हिया तेव्हा पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती आणि त्या नवऱ्यानेच लग्नात तिला दिले. लिव्हियाला ऑगस्टसपासून मूल राहिले नाही. म्हणून वारस हवा तर तो ज्युलियाकडूनच यायला हवा होता.

चौदाव्या वर्षी ज्युलियाचे लग्न तिच्या आतेभावाशी, मार्सेलसशी झाले. दोन वर्षांत तो वारला. मग तिला अग्रिप्पाला दिले. तो तिच्या वडिलांच्या वयाचा होता आणि त्यासाठी त्याला तेव्हाची बायको, म्हणजे मार्सेलसचीच बहीण, सोडावी लागली. या लग्नातून ज्युलियाला पाच मुले झाली. त्यांतले गायस आणि ल्युशियस हे दोघे इ.स.पू. १७ मध्ये ऑगस्टसने दत्तक घेतले. बाप जिवंत असल्यामुळे घरातच तराजू-तांब्याचा विधी करून नातू विकत घेतले आणि नातवांचे मुलगे झाले. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मुलीचा मुलगा दत्तक चालत नसे, जरी रूढीने अनेक ठिकाणी त्याला मुभा मिळाली. रोममध्ये मात्र सम्राटाची सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

अग्रिप्पा वारल्यावर ज्युलियाचे तिसरे लग्न लिव्हियाच्या मुलाशी, टायबेरियसशी ठरले. टायबेरियसचे बायकोवर, व्हिप्सेनियावर, मनापासून प्रेम होते आणि ती गरोदर होती. तरी तिला सोडायला लावले. पुढे एकदा ती रस्त्यात दिसली तेव्हा तो भरल्या डोळ्यांनी तिच्यामागे पाहत राहिला. त्यानंतर ती पुन्हा कधी त्याच्या नजरेस पडू नये याची व्यवस्था करण्यात आली.

ज्युलियाचे हे लग्न टिकले नाही. इ.स.पू. २ मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून वडिलांनी तिला पांडाटेरिया नावाच्या लहानशा बेटावर हद्दपार केले. तिच्याबरोबर आपण होऊन गेली ती स्क्रिबोनिया, म्हणजे मुलीच्या जन्मदिवशीच जिला नवऱ्याने सोडले होते ती आई. इ.स. २ मध्ये ल्युशियस वारला आणि इ.स. ४ मध्ये गायस. तेव्हा ऑगस्टसने चव्वेचाळीस वर्षांच्या टायबेरियसला दत्तक घेतले, पण एका अटीवर. टायबेरियसने स्वतःचा मुलगा असूनही पुतण्याला, जर्मानिकसला, दत्तक घ्यायचे. कारण जर्मानिकस हा ऑगस्टसच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा आणि ज्युलियाच्या मुलीचा नवरा होता. कागदावर नाव बापाकडून मुलाकडे जात होते, पण सम्राट हिशेब करीत होता तो लेकीबहिणींचा.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. मृत्युपत्रात त्याने बायकोलाच ज्युलियस कुळात दत्तक घेतले होते, म्हणजे लिव्हिया कायद्याने त्याची मुलगी झाली. आणि सख्ख्या मुलीला कुळाच्या समाधीत जागा देऊ नये, असेही त्याने लिहून ठेवले. ज्युलिया त्याच वर्षी वारली. पण पुढच्या सम्राटांपैकी दोघे तिच्याच वंशातले: कॅलिग्युला तिचा नातू आणि नीरो तिचा पणतू, दोघेही मुलीच्या बाजूने.

औरस आणि दत्तक

औरस मुलगा असताना दत्तक घेतला तर काय होते, हे क्लॉडियसच्या घरात दिसले. इ.स. ४९ मध्ये त्याने आपली पुतणी अग्रिपिना हिच्याशी लग्न केले. ती ज्युलियाची नात. काका-पुतणीचे लग्न रोममध्येही निषिद्ध होते, म्हणून सेनेटने खास ठराव करून भावाच्या मुलीशी लग्न मोकळे केले. बहिणीच्या मुलीशी मात्र निषिद्धच राहिले. दक्षिणेत मामा-भाचीचे लग्न चालते आणि काका-पुतणीचे नावही काढवत नाही. रोमचा ठराव याच्या बरोबर उलटा होता.

पुढच्या वर्षी क्लॉडियसने अग्रिपिनाच्या मुलाला दत्तक घेतले. त्याचे नाव डोमिशियस होते, ते नीरो झाले. क्लॉडियसचा स्वतःचा मुलगा ब्रिटॅनिकस नऊ वर्षांचा होता आणि नीरो त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. नीरोचे लग्न क्लॉडियसच्या मुलीशी, ऑक्टेव्हियाशी व्हायचे होते. पण दत्तकामुळे ती आता नीरोची बहीण झाली होती! म्हणून आधी तिला दुसऱ्या घराण्यात दत्तक दिले आणि मग लग्न लावले. सगोत्राची अडचण आली की मामाच्या गोत्रातून कन्यादान करण्याची युक्ती आपल्याकडेही ऐकिवात आहे.

ब्रिटॅनिकस एकदा नीरोला जुन्या नावाने, डोमिशियस म्हणून, हाक मारून बसला. पोराच्या तोंडचा तो एक शब्द, पण दत्तक मानलेच नाही असा त्याचा अर्थ लावून अग्रिपिनाने गहजब केला. इ.स. ५४ मध्ये क्लॉडियस वारला आणि नीरो सम्राट झाला. काही महिन्यांतच, चौदावा वाढदिवस तोंडावर असताना, ब्रिटॅनिकस जेवणाच्या पंगतीत कोसळून मेला. नीरोने विष घातले, असे रोमन इतिहासकार सांगतात. इ.स. ५९ मध्ये नीरोने आईला मारवले. इ.स. ६२ मध्ये ऑक्टेव्हियाला सोडून त्याने पांडाटेरियावर पाठवले, जिथे ज्युलिया होती त्याच बेटावर, आणि तिथे तिला ठार करण्यात आले. इ.स. ६८ मध्ये नीरोबरोबर हे घराणे संपले.

चांगल्या सम्राटांचे रहस्य

यानंतरचा एक काळ दत्तक पद्धतीची थोरवी सांगण्यासाठी नेहमी पुढे केला जातो. नर्व्हाने इ.स. ९७ मध्ये ट्राजनला दत्तक घेतले. ट्राजननंतर हेड्रियन आला. हेड्रियनने इ.स. १३८ मध्ये अँटोनिनसला घेतले आणि अँटोनिनसने मार्कस ऑरेलियसला. रक्तापेक्षा गुण पाहून वारस निवडला, म्हणून राज्य चांगले चालले, असे म्हणतात.

यात अर्धेच सत्य आहे. या चौघांपैकी एकालाही हयात मुलगा नव्हता, म्हणून त्यांना निवड करता आली. शिवाय निवडही घराबाहेरची क्वचितच होती. हेड्रियनची पत्नी सबिना ही ट्राजनच्या बहिणीची नात. ट्राजनने हेड्रियनला घेतल्याची पत्रे सेनेटला गेली त्यांवर सही होती ती ट्राजनच्या पत्नीची, प्लोटिनाची. अँटोनिनसने घेतलेला मार्कस हा त्याच्या पत्नीच्या भावाचा मुलगा. शिवाय अँटोनिनसने त्याला आपली मुलगी फाउस्टिना दिली. या फाउस्टिनाला सोडून दे, असा सल्ला कोणी मार्कसला दिला, तेव्हा मग हुंडाही परत करावा लागेल, असे तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. हुंडा म्हणजे साम्राज्य! त्या विनोदात वंशावळीपेक्षा जास्त सत्य आहे.

मार्कस आणि फाउस्टिनाला तेरा-चौदा मुले झाली. वडिलांच्या मागे उरला तो एकच मुलगा, कॉमोडस. तत्त्वचिंतक मार्कसने गुण पाहिले नाहीत, मुलगा पाहिला. इ.स. १९२ च्या शेवटच्या दिवशी कॉमोडसचा खून झाला आणि राज्यात यादवी माजली. तीत सेप्टिमियस सेव्हेरस विजयी झाला. इ.स. १९५ मध्ये त्याने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा मुलगा म्हणून जाहीर केले. मार्कसला वारून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. तुम्हाला वडील सापडले याबद्दल अभिनंदन, असे एका सेनेटरने त्याला ऐकवल्याचे सांगतात.

आपली वंशावळ

माझी नोकरी राज्य सरकारची. वारसाईच्या कामात पेढीनामे नेहमी डोळ्यांखालून जातात. वर मूळ पुरुष, खाली मुलगे, त्यांचे मुलगे. लेकींची नावे कायद्याने लिहावी लागतात म्हणून आता येतात, पण जुन्या कागदांत त्या जागी पुष्कळदा नुसती मोकळी जागा असते. आपल्या घरोघरच्या कुलवृत्तांतांतही तेच. दत्तक आला की 'द.' एवढे एक अक्षर, आणि तो कोणत्या घरून आला, त्याच्या आईचे नाव काय, याचा पत्ता नसतो.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडून आलेल्या आपल्या घरांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. कोणी मामाच्या आधाराने आले, कोणी बहिणीच्या सासरची ओळख धरून सरकारवाड्यात चाकरीला लागले. आडनाव पुरुषाचे राहिले, पण गाव मिळाले ते बऱ्याचदा बाईच्या नात्याने. ती बाई कोण, हे सांगणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीची आहेत.

म्हणून ज्या घरांत वंशावळ लिहिण्याचे काम चालू आहे त्यांना एक विनंती. सून माहेराहून कोणते नाव घेऊन आली ते लिहा. लेक कुठे दिली आणि तिची मुले कोण, ते लिहा. दत्तक असेल तर जनक आई-बापांची नावे लिहा. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते, तेव्हा तिच्यासाठीही ओळ ठेवा. गौरी-गणपतीला घरी वडीलधारी मंडळी जमतात. दुपारची जेवणे झाल्यावर एक वही काढून त्यांच्याजवळ बसले, तर एवढे काम तासाभरात होते.